ओबरलेनिंगनच्या पाळकाच्या गावी

मंगळवार, स्टुटगार्ट

"नोव्हेंबरात कशाला येतेस मावशी, मे महिन्यात ये," असं भाची फोनवर सारखी म्हणत होती. मला मात्र नोव्हेंबरच हवा होता, आणि त्यातला एक ठरावीक बुधवार. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचं उपासनेचं वर्ष ज्या रविवारी संपतं, त्याच्या आधीचा बुधवार हा पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा दिवस असतो. १९३८ साली तो १६ नोव्हेंबरला आला होता. त्या दिवशी इथून पस्तीसेक किलोमीटरवरच्या ओबरलेनिंगन गावात युलिउस फॉन यान ह्या लुथरन पाळकांनी नाझींनी ज्यूंवर केलेल्या अत्याचारांविरुद्ध उघडपणे उपदेश केला. त्या एका उपदेशासाठी मी हा प्रवास आखला.

माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. रविवारी मंडळीसमोर काय बोलायचं आणि काय पोटात ठेवायचं, ह्यावर शनिवारी रात्री कंदिलाशी बसून त्यांचा विचार चाललेला मी लहानपणी पाहिला आहे. नाझींना विरोध करणाऱ्या बोन्होफर किंवा नीमोलर ह्या पाळकांची नावं जगाला ठाऊक आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण त्या दोघांमागे बर्लिनसारखं शहर होतं, परदेशातली ओळख होती. फॉन यान खेड्यातले पाळक, पाळकाचेच चिरंजीव. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढले, इंग्रजांच्या कैदेत राहिले, परत येऊन धर्मशास्त्र शिकले आणि १९३५ साली ह्या गावी आले. मला त्यांच्याबद्दल जास्त जाणून घ्यायचं होतं, कारण त्यांच्यासारखी माणसं मी पाहिली आहेत.

आजचा दिवस शहरातच गेला. सकाळी हॉस्पिटालश्ट्रासवरचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, पाहिलं. मूळचं सिनेगॉग १८६१ सालचं, भर वस्तीतलं. १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री ते जाळलं. आज उभी आहे ती इमारत १९५२ सालची, त्याच जागेवरची. दाराशी पोलिसांचा पहारा होता. प्रार्थनेच्या घराला अजूनही पहारा लागतो, हे पाहून मला फार वाईट वाटलं.

त्या रात्रीविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये हेर्शेल ग्रिनश्पान ह्या सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. दोन दिवसांनी तो अधिकारी वारला आणि नाझी पक्षाला हवं ते निमित्त मिळालं. देशभर सिनेगॉगं पेटवली, दुकानं फोडली, आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझन अशा छळछावण्यांत टाकलं. हे काही लपूनछपून झालं नाही. फुटलेल्या काचा लोकांनी दुसऱ्या दिवशी कामावर जाता-येता पाहिल्या. पुढच्याच आठवड्यात हा पश्चात्तापाचा बुधवार होता.

दुपारी होटेल झिल्बर. नावाप्रमाणे हे एकेकाळी हॉटेलच होतं, नंतर पोलिसांकडे गेलं आणि नाझी काळात व्युर्टेम्बर्ग प्रांताच्या गेस्टापोचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, मुख्यालय झालं. काही वर्षांपूर्वी ही इमारत पाडायचं घाटत होतं. नागरिकांनी नेट धरून ती वाचवली आणि डिसेंबर २०१८ पासून इथे संग्रहालय आहे. मला इथे सगळ्यात जास्त थांबवलं ते साध्या कागदांनी: टाइप केलेले अर्ज, शिक्के, सह्या. माणसाला घरातून उचलून नेण्याआधी कुणीतरी शांतपणे फॉर्म भरलेला असतो.

बुधवार, ओबरलेनिंगन

आजच तो दिवस. १९९५ पासून झाक्सन हे एक राज्य सोडून बाकी जर्मनीत ह्या दिवसाची सरकारी सुट्टी नाही. वृद्धांच्या शुश्रूषेच्या नव्या विम्याचा खर्च भागवण्यासाठी ती रद्द झाली. त्यामुळे सकाळची गाडी ऑफिसला निघालेल्या माणसांनी भरलेली होती. भाचीने रजा काढली होती.

एस-१ लोकलने किर्खहाइमपर्यंत आणि तिथून छोट्या गाडीने लाउटर नदीच्या खोऱ्यात. वाटेत डाव्या हाताला टेकचा किल्ला दिसतो, समोर स्वाबियन आल्बच्या पठाराचा कडा भिंतीसारखा उभा असतो. चेरीची झाडं पानं गळून उघडी झालेली. ओबरलेनिंगन हे शेवटचं स्टेशन, रूळ इथेच संपतात. १८५५ साली सुरू झालेली शॉयफेलन पेपर मिल ही पिढ्यान्‌पिढ्या ह्या गावाची भाकरी होती. आता ती बंद आहे, आणि तिच्या इमारती मात्र अजून खोऱ्याचा मोठा भाग अडवून आहेत. म्हणजे हे निव्वळ शेतकऱ्यांचं गाव नव्हतं. फॉन यान ह्यांच्या मंडळीत कामगारही बसत असणार, कारकून आणि गिरणीचे साहेबही.

सेंट मार्टिनचं चर्च अकराव्या शतकातलं, रोमनेस्क घडणीचं. जाड भिंती, ठेंगणे खांब, लहान खिडक्या. आत गारठा होता. भाचीने उपदेशाचा जर्मन मजकूर छापून आणला होता. आम्ही एका बाकावर बसलो आणि ती एकेक वाक्य वाचून मला मराठीत सांगू लागली.

उपदेशाचा आधार होता बायबलमधल्या यिर्मया ह्या संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचं, पुस्तक, अध्याय २२, वचन २९: "हे भूमी, भूमी, भूमी, परमेश्वराचे वचन ऐक." हा उतारा फॉन यान ह्यांनी शोधून काढलेला नव्हता. व्युर्टेम्बर्गच्या मंडळ्यांसाठी त्या दिवसाला तोच नेमून दिलेला होता. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण त्या बाकावर बसल्यावर तिचं वजन कळलं. त्या सकाळी प्रांतभरच्या पाळकांसमोर तेच पान उघडं होतं. यिर्मया राजवाड्यात जाऊन राजाला सुनावतो तोच हा अध्याय. न्यायाने वागा, लुबाडलेल्याला जुलम्याच्या हातून सोडवा, परका, अनाथ आणि विधवा ह्यांच्यावर अन्याय करू नका, निरपराध्याचं रक्त पाडू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. सिनेगॉगांची राख अजून पुरती विझलेली नसताना हे वचन हातात आल्यावर बोलावं की बोलू नये, हा प्रश्न प्रत्येकाला पडला असणार.

फॉन यान ह्यांनी विचारलं: जर्मनीत आज तो संदेष्टा कुठे आहे, ज्याला राजाच्या घरी पाठवलं जातं? आणि उत्तरही त्यांनीच दिलं. देवाने अशी माणसं पाठवली आहेत, ती आज छळछावणीत तरी आहेत किंवा त्यांची तोंडं तरी बंद केलेली आहेत. मग पॅरिसच्या खुनाचा उल्लेख करून ते म्हणाले की त्या गुन्ह्याची शिक्षा गुन्हेगाराला मिळेलच, पण त्याच्यामागून आपल्याकडे जे घडलं ते कुणाच्या कल्पनेत तरी होतं का? दुसऱ्यांना पवित्र असलेली देवाची घरं जाळली गेली आणि कुणाला शिक्षा झाली नाही. परक्यांची मालमत्ता लुटली, मोडली. ज्यांनी आपल्या देशाची इमानाने सेवा केली त्या माणसांना, केवळ ती वेगळ्या वंशाची म्हणून, छळछावणीत टाकलं. वरच्यांनी हा अन्याय कबूल केला नाही, तरी लोकांना तो कळतो, जिथे त्याबद्दल बोलायची हिंमत होत नाही तिथेसुद्धा कळतो. आणि शेवटी बायबलमधल्या 'गलतीकरांस पत्र' ह्यातलं वचन: "फसू नका; देवाचा उपहास व्हायचा नाही; कारण माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल."

ह्या उपदेशात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यात अवघड असं काही नाही. सिद्धान्त नाही, राज्यकर्त्यांना उलथवण्याची भाषा नाही. जे रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलं ते त्यांनी क्रमाने सांगितलं आणि त्याला पाप म्हटलं. 'जगात वाईट चाललं आहे' असं मोघम बोलून त्यांना सहज सुटता आलं असतं. माझ्या वडिलांनीही काही रविवारी तसं केलं आहे, आणि त्याचं त्यांना किती वाईट वाटायचं ते मला ठाऊक आहे.

पुढचे नऊ दिवस काही घडलं नाही. २५ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी फॉन यान वर पठारावरच्या शोपफ्लोख गावात बायबल वर्गाला गेले होते. इकडे पाळकांच्या घराभोवती जमाव गोळा झाला. बरीचशी माणसं बाहेरून वाहनांत भरून आणलेली होती. घराला फलक लावले होते: 'ज्यूंचा गुलाम'. काही जण गाडी घेऊन वर गेले आणि त्यांना उचलून घेऊन आले. घरासमोर त्यांना बेदम मारलं, मग उचलून एका लाकडाच्या शेडच्या छपरावर फेकलं. त्यानंतर गावच्या कचेरीत चौकशी आणि तिथून किर्खहाइमच्या तुरुंगात रवानगी. त्यांची पत्नी मार्था आणि लहान मुलगा गावातच होते.

पाळकांचं घर चर्चच्या जवळ असतं, कारण घराचं दार सगळ्यांना उघडं असावं अशी अपेक्षा असते. लोक वेळीअवेळी येतात, कुणी आजारी आहे, कुणाला उसने पैसे हवेत. त्याच दाराशी ओरडणारा जमाव उभा राहिल्यावर आतल्या बाईने काय केलं असेल, हा विचार मला दिवसभर सोडून गेला नाही. फॉन यान ह्यांच्यावर लिहिताना मार्थाबाईंना बहुतेक जण एका ओळीत उरकतात. नवऱ्याने तो उपदेश कागदावर उतरवला तेव्हा त्याची किंमत कोण कोण देणार, हे त्या घरात दोघांनाही कळत होतं, अशी माझी खात्री आहे.

संध्याकाळच्या उपासनेला आम्ही थांबलो. थोडी माणसं होती, बहुतेक वयस्कर. बाहेर पडताना एका आजींनी विचारलं, कुठून आलात? भाचीने सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

गुरुवार, आल्बच्या पठारावर

आज भाचजावयांनी गाडी काढली. आधी शोपफ्लोख. फॉन यान ह्यांना जिथून खाली आणलं तो घाट चढून वर गेलं की एकदम मोकळं पठार लागतं, वारा सुटलेला असतो. तिथे फार थांबलो नाही.

बुटनहाउझनला मात्र बराच वेळ गेला. हे छोटं गाव एका वेगळ्याच गोष्टीसाठी मोलाचं आहे. १७८७ साली इथल्या जहागीरदाराने ज्यू कुटुंबांना वसण्याची सनद दिली आणि एकोणिसाव्या शतकात गावाची निम्मी वस्ती ज्यू होती. गुरांचे आणि घोड्यांचे व्यापारी, दुकानदार. १९१८ साली पहिलं महायुद्ध थांबवणाऱ्या करारावर जर्मनीतर्फे सही करणारे माथिआस एर्त्सबेर्गर ह्याच गावचे, कॅथलिक शिंप्याच्या घरातले. म्युनिकला जाऊन नाव काढलेल्या लेहमान बेर्नहाइमर ह्या ज्यू व्यापाऱ्याने गावाला शाळा बांधून दिली. ती इमारत अजून आहे आणि त्यात आता गावच्या ज्यू इतिहासाचं संग्रहालय आहे.

त्या नोव्हेंबरात इथलंही सिनेगॉग पेटवलं गेलं. पहिल्यांदा गावच्या महापौरांनी आणि अग्निशामक माणसांनी आग विझवली. मग बाहेरचे लोक परत आले आणि ह्या वेळी कुणाला विझवू दिली नाही. वरच्या उतारावर ज्यू दफनभूमी आहे. हिब्रू अक्षरांवर शेवाळ चढलेलं. खाली रस्त्याशी स्मारकाचा दगड, त्यावर मारल्या गेलेल्यांची नावं. गाव इतकं लहान आणि यादी इतकी लांब. जावई पुण्यातल्या जुन्या वाड्यात वाढलेले. ते म्हणाले, "मावशी, ही सगळी एका गल्लीतली माणसं." एवढं बोलून ते गाडीकडे गेले.

तिथून ग्राफेनेक जवळच आहे. मार्बाखच्या प्रसिद्ध अश्वपैदास केंद्राजवळून रस्ता वर चढतो आणि झाडीत एक देखणा वाडा दिसतो. इथे चर्चशी जोडलेली एक संस्था अपंग माणसांचा सांभाळ करत होती. ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने वाडा ताब्यात घेतला. जानेवारी ते डिसेंबर १९४० ह्या एका वर्षात इथे १०,६५४ माणसं विषारी वायूने मारली. मनोरुग्ण, मतिमंद, अपंग. करड्या बसमधून त्यांना आणत. नातेवाइकांना खोट्या आजाराचं कारण लिहून पत्र जाई. इथे काम शिकलेली काही माणसं पुढे पोलंडमधल्या मृत्यूछावण्यांत गेली.

प्रवासात ग्राफेनेक का घेतलं, असं भाचीने विचारलं होतं. एका माणसामुळे घेतलं: थेओफिल वुर्म, फॉन यान ह्यांचे बिशप. १९ जुलै १९४० रोजी वुर्म ह्यांनी ग्राफेनेकच्या हत्यांविरुद्ध गृहमंत्री फ्रिक ह्यांना पत्र लिहिलं. ते धैर्याचं पत्र होतं. त्याच्या प्रती देशभर हातोहात फिरल्या. पण त्याच वुर्म ह्यांनी डिसेंबर १९३८ मध्ये, म्हणजे आपला पाळक तुरुंगात असताना, न्यायमंत्री ग्युर्टनर ह्यांना लिहिलेल्या पत्रात जाळपोळीचा निषेध करताना असंही म्हटलं होतं, की ज्यूंना घातक मानून त्यांच्याविरुद्ध लढण्याचा सरकारचा हक्क आपण एका शब्दानेही नाकारत नाही. चालू राजकीय घटनांवर व्यासपीठावरून टीका टाळावी, असं पाळकांना चर्चच्या कार्यालयाने कळवलं तेही तेव्हाच. वुर्म खलपुरुष नव्हते. १९४३ मध्ये ज्यूंच्या छळाविरुद्धही ते बोलले. पण तोवर स्टुटगार्टच्या नॉर्डबानहोफ स्टेशनवरून ज्यूंना घेऊन गाड्या सुटून गेल्या होत्या. पहिली १ डिसेंबर १९४१ ला, सुमारे १,००० माणसांना घेऊन, रिगाकडे.

ग्राफेनेकला मारल्या गेलेल्यांची नावं लिहिलेलं पुस्तक आहे. सगळी नावं सापडलेली नाहीत, शोध अजून चालू आहे.

शुक्रवार, परत शहरात

सकाळी बराच वेळ घरीच होतो. पोहे केले आणि भाचीला खटल्याची पुढची हकीकत सांगितली. फॉन यान बरेच महिने कोठडीत राहिले, मग त्यांना व्युर्टेम्बर्गमधून हद्दपार केलं. नोव्हेंबर १९३९ मध्ये स्टुटगार्टच्या विशेष न्यायालयाने त्यांना १६ महिन्यांची शिक्षा दिली. त्यासाठी वापरलेल्या कायद्यांपैकी एक नाझींच्याही आधीचा, बिस्मार्कच्या काळातला, व्यासपीठावरून सरकारविरुद्ध बोलणाऱ्या पाद्र्यांसाठी केलेला. लांड्सबेर्गच्या तुरुंगातून पाच महिन्यांनी सुटका झाली. नंतर बव्हेरियातल्या ओर्टनबुर्गला पाळकपण आणि १९४३ मध्ये सैन्यात भरती करून पूर्व आघाडीवर. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी!

दुपारी मार्कुस चर्च. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची इमारत, बॉम्बवर्षावातून वाचलेली, म्हणूनच युद्धानंतर इथे मोठी उपासना होऊ शकली. १७ ऑक्टोबर १९४५ ला इथे मार्टिन नीमोलर बोलले. फॉन यान ह्यांनी ज्यांना 'छळछावणीत असलेली माणसं' म्हटलं त्यांपैकी हे एक. ओबरलेनिंगनचा उपदेश झाला त्या दिवशी नीमोलर झाक्सेनहाउझनमध्ये होते. त्यांनीही यिर्मयाच घेतला, १४ वा अध्याय. दोन दिवसांनी जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या ११ पुढाऱ्यांनी सह्या केलेलं अपराधाच्या कबुलीचं निवेदन परदेशी पाहुण्यांच्या हाती दिलं गेलं. वुर्म ह्यांची सही त्यात आहे, नीमोलर ह्यांची आहे. "आम्ही स्वतःवर आरोप ठेवतो, की आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केलं नाही."

देशभर ह्या निवेदनावर संताप उसळला, कबुली जास्तच झाली म्हणून. आज वाचताना मला ती अपुरी वाटते. त्यात ज्यूंचा उल्लेख नाही. जळलेली सिनेगॉगं नाहीत, लुटलेली दुकानं नाहीत, माणसांना वंशावरून उचलल्याचं नाही. हे सगळं सात वर्षांपूर्वी, हुकूमशाही जोरात असताना, एका खेड्यातल्या पाळकाने एकेक करून सांगितलेलं होतं. सगळं उघड झाल्यावर, शिक्षेची भीती संपल्यावर, ११ मोठ्या माणसांना ते लिहिता आलं नाही. सह्या करणाऱ्यांपैकी काहींनी स्वतः खूप सोसलं होतं, हे मी विसरत नाही. तरीही माझं मत बदलत नाही.

त्या वेळी फॉन यान कुठे होते? सप्टेंबर १९४५ मध्ये ते ओबरलेनिंगनला परतले होते. त्याच घरात, त्याच व्यासपीठावर. ज्यांनी दाराआडून पाहिलं त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, त्यांच्या घरातले दफनविधी त्यांनी केले. मला हे त्यांच्या उपदेशाइतकंच अवघड वाटतं.

शनिवार, त्सुफनहाउझन आणि कोर्नटाल

१९४९ मध्ये ते स्टुटगार्टच्या त्सुफनहाउझन भागात पाळक म्हणून आले. पोर्शचा कारखाना आहे तेच हे उपनगर. १९५८ मध्ये निवृत्त होऊन शेजारच्या कोर्नटालला राहिले आणि २१ सप्टेंबर १९६४ रोजी वारले. कोर्नटाल ही १८१९ साली धर्मनिष्ठ कुटुंबांनी वसवलेली वसाहत, अजूनही तशीच नीटनेटकी. चढावरच्या रस्त्यांनी आम्ही तासभर फिरलो, बेकरीत कॉफी घेतली. पाहण्यासारखं फारसं नव्हतं, आणि त्याने काही बिघडलं नाही.

पुण्या-मुंबईहून कामासाठी स्टुटगार्टला येणारी आपली माणसं पुष्कळ आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनीशहरंही आहेत. शनिवारी बहुतेक जण गाड्यांची संग्रहालयं पाहतात. त्यांना माझी विनंती आहे, एक अर्धा दिवस ओबरलेनिंगनला द्या. एस-१ ने किर्खहाइम, तिथे गाडी बदलून शेवटच्या स्टेशनपर्यंत. चर्च स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. उपदेशाचा मजकूर आधी मिळवून ठेवा आणि तिथे बसून मोठ्याने वाचा. ग्राफेनेकसाठी स्वतःची गाडी असलेली बरी आणि पूर्ण दिवस ठेवावा, बुटनहाउझन त्याच वाटेवर आहे. मार्कुस चर्च सगळ्यात शेवटी ठेवा. उपदेश वाचून झाल्यावर ते निवेदन वाचलं, की त्यात काय राहिलं ते कुणी दाखवून द्यावं लागत नाही.